युद्ध कुणाचे, भाकरी कुणाची?

गोष्ट सप्टेंबर २०२४ मधली. रविवारची सकाळ होती. विहारातून वंदना आटोपून आम्ही नुकतेच घरी आलो होतो. चहाचा कप हातात घेतला, तोच धाकट्या भावाचा मुलगा मोबाईल घेऊन समोर येऊन बसला. म्हणाला, "तात्या, हे वाचा. सरकारी भरती हाय, एजंटाचं काम न्हाई."

आम्ही चष्मा लावून वाचले. इस्रायल देशात बांधकामासाठी महाराष्ट्रातून कामगार हवे होते. सेंट्रिंग, सळई वाकवणे, गिलावा आणि फरशी बसवणे, अशी कामे होती. पगार दरमहा सुमारे १ लाख ९२ हजार रुपये, शिवाय १६,५१५ रुपये बोनस. आम्ही आकडा दोनदा वाचला. शिरोलीच्या एका फौंड्रीत अडतीस वर्षे भट्टीपुढे घाम गाळून आम्ही निवृत्त झालो, तेव्हा हातात आलेली सगळी रक्कम हा पोरगा तिकडे काही महिन्यांत मिळवणार होता.

पोरगा कष्टाळू आहे. कळंब्याच्या आयटीआयमधून फिटर झाला. गोकुळ शिरगावात कंत्राटी काम धरले. पण कंत्राट संपले की दोन-दोन महिने घरी बसावे लागते. त्या रिकाम्या दिवसांत मामाच्या हाताखाली फरशीचे काम शिकला. बहिणीच्या लग्नाचे कर्ज अजून फिटायचे आहे. त्याची आई, म्हणजे आमची धाकटी भावजय, दारात उभी राहून आमच्या तोंडाकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत आशा होती, ते आम्हाला दिसत होते.

पोराचा बाप मात्र एक शब्द बोलला नाही. तो उठला, बाहेर पायरीवर जाऊन बसला आणि त्याने बिडी पेटवली. तो का उठला हे आम्हाला ठाऊक होते. पोराला ठाऊक नव्हते. म्हणून वाचकहो, पोराला हो की नाही सांगण्याआधी आमच्या या दोन खोल्यांच्या घरात युद्ध किती वेळा येऊन गेले, ते सांगणे भाग आहे.

युद्ध म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे टीव्हीवरचा धूर येतो. आपल्याला वाटते, ते कुठेतरी लांब चालले आहे. पण कोल्हापूरच्या माणसाने तरी असे समजू नये. दुसऱ्या महायुद्धात घरदार गमावलेले सुमारे पाच हजार पोलंडवासी १९४३ ते १९४८ या काळात आपल्या वळिवड्याच्या छावणीत राहिले. आमची आजी सांगायची, गोऱ्या बायका पोरे कडेवर घेऊन बाजारात यायच्या आणि बोटे दाखवून भाजीचा भाव करायच्या. ते गेले आणि फाळणीत उखडलेले सिंधी बांधव त्याच जागी आले. आज आपण त्याला गांधीनगर म्हणतो आणि लग्नाचा बस्ता बांधायला तिथे जातो. ज्या रस्त्यावर आपण साडीचा भाव करतो, तो युद्धाच्या आणि फाळणीच्या निर्वासितांनी तुडवलेला रस्ता आहे.

आमच्या स्वतःच्या घरात युद्ध पहिल्यांदा आले ते ताटातून. १९६५-६६ साली पाठोपाठ दोन वर्षे पाऊस गेला. लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी रात्री जेवू नका असे देशाला सांगितले. आमची आई म्हणायची, "आमचा सोमवार आठवड्यातनं तीनदा येतोय." तेव्हा आम्ही दहा वर्षांचे. रेशनच्या दुकानात अमेरिकेचा गहू येत असे. तो जहाजातून उतरे आणि थेट माणसांच्या तोंडात जाई. मध्ये साठा म्हणून काही राहत नसे. पी. एल. ४८० नावाच्या कायद्याखाली तो येई. अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी त्या कायद्यावर १९५४ साली सही केली होती. त्यांच्या शेतकऱ्यांकडे धान्य उरत होते, आपल्याकडे पोटे रिकामी होती.

लहानपणी आम्हाला वाटे, केवढी दयाळू माणसे! पुढे वाचायला लागलो तेव्हा कळले की, त्या काळात अध्यक्ष लिंडन जॉन्सन भारताला धान्य महिन्या-महिन्याने मोजून सोडत होते. भारताने शेतीचे धोरण बदलावे हा एक हेतू होता. दुसरा असा की, व्हिएतनाममध्ये अमेरिका जे बॉम्ब टाकत होती त्यावर भारत टीका करतो, हे त्यांना खपत नव्हते. म्हणजे आमची आई रेशनच्या रांगेत उभी होती, तेव्हा त्या रांगेचे एक टोक व्हिएतनाममध्ये होते. बिचारीला व्हिएतनाम कुठे आहे हेही माहीत नव्हते.

त्या व्हिएतनाममध्ये बहुसंख्य लोक आपल्यासारखे बुद्धाला मानणारे. अमेरिकेच्या पाठिंब्याने चाललेल्या तिथल्या सरकारच्या जुलमाविरुद्ध ११ जून १९६३ रोजी थिक क्वांग डुक नावाच्या वृद्ध भिक्खूने सायगावच्या भर चौकात स्वतःला जाळून घेतले. शेजारच्या लाओस या छोट्या बौद्ध देशावर १९६४ ते १९७३ या नऊ वर्षांत अमेरिकेने वीस लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. त्यांतले न फुटलेले बॉम्ब नंतरही वर्षानुवर्षे शेतात नांगराला लागून फुटत राहिले. धान्य देणारा हात आणि बॉम्ब टाकणारा हात एकाच देहाचे असू शकतात, हा धडा आम्ही असा उशिरा शिकलो.

डिसेंबर १९७१ मध्ये बांगलादेशाचे युद्ध झाले. निक्सन यांनी पाकिस्तानची बाजू घेतली, भारताची मदत थांबवली आणि सातव्या आरमारातील एंटरप्राइझ ही प्रचंड विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे धाडली. पाठोपाठ १९७२ चा दुष्काळ आला. आपल्या कोल्हापूरला पंचगंगा आहे. पण जत तालुक्यातून आमचे मामा-मामी पोराबाळांसह आमच्याकडे आले. एका खोलीत अकरा माणसे. रेशनला तेव्हा मिलो मिळे, अमेरिकेतून विकत आणलेली लाल ज्वारी. तिची भाकरी थापताना चिरत असे, तव्यावर टाकली की कडा फुटत. मोठी माणसे म्हणत, तिकडे हे जनावरांना घालतात. मामी पहिल्या दिवशी रडली. दुसऱ्या दिवशी तिने तीच भाकरी पाण्यात भिजवून पोरांना भरवली. पोट भरले हे खरे. त्या भाकरीला आम्ही नावे ठेवणार नाही. पण आपले पोट दुसऱ्याच्या हातात असले की आपले तोंडही त्याच्याच हातात जाते, हे त्या लाल भाकरीने आम्हाला शिकवले.

दुसऱ्यांदा युद्ध घरात आले ते भावाच्या अंगावर.

धाकटा भाऊ १९८७ साली कुवेतला गेला. त्याला पाठवणारे आम्हीच. आईच्या गळ्यातली बोरमाळ आणि वडिलांच्या नावची अर्धा एकर कोरडवाहू जमीन गहाण ठेवून आम्ही पैसे उभे केले. तिकडे तो पाइप फिटर होता. दर महिन्याला पत्र येई, ड्राफ्ट येई. तीन वर्षांत जमीन सुटली. बोरमाळ सुटायची होती. २ ऑगस्ट १९९० रोजी सद्दाम हुसेनचे इराकी सैन्य कुवेतमध्ये घुसले आणि पत्रे थांबली.

सदतीस दिवस आम्हाला काही कळले नाही. आई रोज पोस्टमनच्या वेळेला दारात बसायची. शेवटी सप्टेंबरच्या एका पहाटे भाऊ कोल्हापूरच्या स्टँडवर उतरला. अंगावर एक शर्ट, हातात प्लॅस्टिकची पिशवी. कुवेतहून बसरा, बसऱ्याहून बगदाद, बगदादहून वाळवंटातून जॉर्डनचे अम्मान, असा तो बस आणि ट्रकमधून आला होता. अम्मानच्या छावणीत पाण्यासाठी दिवसदिवस रांग. तिथून एअर इंडियाच्या विमानाने मुंबई. त्या दोन महिन्यांत एअर इंडियाने ४८८ फेऱ्या करून लाखाहून अधिक भारतीय परत आणले. सरकारने केलेले हे काम मोठे होते, ते मान्य केले पाहिजे. पण भावाची तीन वर्षांची बचत कुवेती दिनारमध्ये होती आणि त्या दिनाराचा कागद झाला होता.

त्या काळी चहाच्या टपरीवर बसून अमेरिकेला धडा शिकवणारा मर्द म्हणून सद्दामचे कौतुक करणारे काही जण आम्ही पाहिले. आम्ही सद्दामचे गोडवे गाणार नाही. दुबळ्या शेजाऱ्याच्या घरात शिरणारा दरोडेखोरच. पण त्या दरोडेखोराला बळ कुणी दिले? १९८० ते १९८८ या काळात इराक इराणशी लढत होता, तेव्हा अमेरिकेने त्याला कर्जे दिली, हेरगिरीची माहिती पुरवली. डिसेंबर १९८३ मध्ये डोनाल्ड रम्सफेल्ड हे अमेरिकेचे दूत बगदादला जाऊन सद्दामशी हस्तांदोलन करून आले. वीस वर्षांनी तेच रम्सफेल्ड संरक्षणमंत्री म्हणून त्याच सद्दामवर चाल करून गेले. गरज सरो, वैद्य मरो.

१७ जानेवारी १९९१ पासून अमेरिका आणि तिच्या मित्रराष्ट्रांनी इराकवर बॉम्ब टाकायला सुरुवात केली. १३ फेब्रुवारीला बगदादच्या अमिरिया भागातल्या एका निवाऱ्यावर बॉम्ब पडले आणि चारशेहून अधिक बायका-पोरे-म्हातारी माणसे जळून मेली. त्याच दिवसांत आपल्या देशाचे सरकार अमेरिकन लष्करी विमानांना आपल्या विमानतळांवर इंधन भरू देत होते. ओरड झाली तेव्हा फेब्रुवारीत ते थांबले. आमच्या सहचारिणी तेव्हा रॉकेलच्या रांगेत पहाटे पाचला डबा ठेवून येत. विमानांना इंधन होते, आमच्या स्टोव्हला नव्हते. तेल महागले, परकीय चलन आटले आणि १९९१ मध्ये देशाला आपले सोने गहाण ठेवावे लागले. आमच्या आईची बोरमाळ आणि देशाचे सोने एकाच सुमारास सावकाराच्या पेटीत होते म्हणायचे!

आता सांगतो ती गोष्ट आम्ही आजवर कुणाला सांगितली नव्हती.

कुवेतहून परतलेल्या कामगारांना संयुक्त राष्ट्रांच्या एका आयोगाकडून नुकसानभरपाई मिळाली. भावानेही अर्ज भरला होता. सात-आठ वर्षांनी, १९९८ च्या सुरुवातीला, त्याला अडीच हजार डॉलर मिळाले, तेव्हाच्या भावाने साधारण एक लाख रुपये. घरात दिवाळी झाली. बोरमाळ सुटली. उरलेल्या पैशातून आणि आमच्या थोड्या बचतीतून आम्ही घरावरचे गंजके पत्रे काढले आणि मे महिन्यात स्लॅब टाकला. पावसाळ्यात भांडी मांडून गळती धरायचे दिवस संपले. पहिल्या पावसाच्या रात्री आई जागी राहिली आणि नुसती छताकडे बघत बसली.

हा पैसा कुठून आला, हे आम्ही पुढे वर्तमानपत्रात वाचले. इराक जे तेल विकत असे, त्याच्या उत्पन्नातला ३० टक्के वाटा त्या आयोगाकडे जात होता. आणि त्याच इराकवर ऑगस्ट १९९० पासून आर्थिक बंदी होती. पाणी शुद्ध करायचे क्लोरीन, दवाखान्यातली यंत्रे, सुटे भाग, सगळ्याला अडवणूक. कारण काय, तर त्याची शस्त्रे होतील! १९९६ साली टीव्हीवर मॅडलिन ऑलब्राइट या अमेरिकन मुत्सद्दी बाईंना विचारले गेले की, या बंदीमुळे पाच लाख मुले मेली असे म्हणतात, ही किंमत योग्य आहे का? त्यांनी योग्य आहे असे उत्तर दिले. पुढे त्यांना त्या शब्दांचा पश्चात्ताप झाला. पाच लाखांचा तो आकडाही पुढे खोटा ठरला, हे आम्ही प्रामाणिकपणे सांगतो. पण आकडा खरा आहे असे समजूनच ते उत्तर दिले होते ना? तिथे मदतकार्य बघणारे संयुक्त राष्ट्रांचे अधिकारी डेनिस हॅलिडे यांनी १९९८ साली राजीनामा दिला. त्यांच्या मनाला ते सोसले नाही.

भावाची भरपाई न्यायाचीच होती. त्याची बचत बुडाली होती. पण ती भरपाई सद्दामच्या राजवाड्यातून आली नाही. आमच्यासारख्याच कुण्या इराकी मजुराच्या ताटातून आली. तेव्हापासून पाऊस लागला की आमच्या मनात येते, आमचे छत गळत नाही, त्यांचे काय झाले असेल?

ज्या महिन्यात आमचा स्लॅब पडला, त्याच महिन्यात ११ मे १९९८ रोजी, नेमक्या बुद्धपौर्णिमेला, आपल्या देशाने पोखरणला अणुस्फोट केले. १९७४ च्या पहिल्या स्फोटापासून अशा बॉम्बला हसऱ्या बुद्धाचे नाव जोडले गेले आहे. ज्याने शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या भांडणात युद्धाला हात वर केला नाही आणि त्यापायी घर सोडले, असे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मध्ये सांगितले, त्याचे नाव बॉम्बला! या स्फोटांबद्दल शिक्षा म्हणून अमेरिकेने भारतावर निर्बंध लादले. हिरोशिमा आणि नागासाकीवर अणुबॉम्ब टाकणारा जगातला एकमेव देश आपल्याला अहिंसा शिकवत होता. दोघांच्याही वागण्याला आम्ही हसावे की रडावे, हे कळेना.

तिसऱ्यांदा युद्ध आले ते भंगारातून. २० मार्च २००३ रोजी अमेरिकेने पुन्हा इराकवर स्वारी केली. महासंहारक शस्त्रे लपवली आहेत असे कारण दिले. ती शस्त्रे कधी सापडलीच नाहीत. अमेरिकेने भारताकडेही फौज मागितली होती. जुलै २००३ मध्ये आपल्या सरकारने नकार दिला, ते चांगले केले. पण फौज गेली नाही तरी युद्ध आलेच. मोडलेल्या देशांचे लोखंड जहाजे भरून भंगार म्हणून आपल्याकडे येऊ लागले. सप्टेंबर २००४ मध्ये गाझियाबादजवळ साहिबाबाद येथील एका पोलाद कारखान्यात भंगारातला जिवंत गोळा फुटून दहा कामगार मेले. देशात ठिकठिकाणी भंगारात तोफगोळे सापडले. आम्ही तेव्हा फौंड्रीत चार्जिंगवर होतो. भट्टीत माल टाकणारे आम्ही. त्यानंतर कित्येक महिने भंगाराचा प्रत्येक गोल तुकडा हातात घेताना छातीत धडधड होई. एकदा एक पितळी टोपणाचा नळकांडा सापडला. सगळे पळाले. तो पंपाचा जुना भाग निघाला. आम्ही हसलो, पण त्या दिवशी डबा कुणाच्या घशाखाली उतरला नाही. बगदादमध्ये पडलेला गोळा कोल्हापुरात फुटू शकतो, हे त्या दिवशी कळले.

काही वाचक म्हणतील, तुम्ही अमेरिकेचा द्वेष करता. नाही. ज्या देशाच्या कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब शिकले, जिथे त्यांना माणूस म्हणून बरोबरीने बसता आले आणि ज्या विद्यापीठाने १९५२ साली त्यांना सन्मानाची पदवी दिली, त्या देशाचा द्वेष आपण कसा करू? बाबासाहेबांचे नाव घेऊन कुणी अमेरिकेला नुसत्या शिव्या देत असेल, तर त्याने १९५४ चे त्यांचे राज्यसभेतले भाषणही वाचावे. नेहरूंच्या परराष्ट्र धोरणावर आणि चीनवर टाकलेल्या विश्वासावर त्यांनी कडक टीका केली होती. पण त्याच बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिमंडळ सोडताना दुसरी एक गोष्ट देशापुढे ठेवली होती. साडेतीनशे कोटींच्या उत्पन्नातले सुमारे १८० कोटी रुपये आपण सैन्यावर घालतो. हा हिशेब ते मांडत होते. हाच हिशेब आपण प्रत्येक देशाला विचारला पाहिजे. २०२४ या एका वर्षात अमेरिकेने लष्करावर ९९७ अब्ज डॉलर घातले. साऱ्या जगाच्या लष्करी खर्चाचा हा एक तृतीयांशाहून मोठा वाटा आहे. शस्त्रे बनवणाऱ्या कारखान्यांचे आणि लष्कराचे साटेलोटे लोकशाहीला गिळेल, असा इशारा १९६१ मध्ये पदावरून उतरताना कुणी दिला होता? गव्हाच्या कायद्यावर सही करणाऱ्या त्याच आयसेनहॉवर यांनी, आणि ते स्वतः जुने सेनापती होते.

अमेरिकेच्या युद्धांविरुद्ध खणखणीत आवाज अमेरिकेतूनच उठले. १९७१ मध्ये ढाक्यातले अमेरिकन अधिकारी आर्चर ब्लड यांनी आपल्याच सरकारला तारेने कळवले की, इथे कत्तल चालली आहे आणि आपण गप्प आहोत. त्याची किंमत त्यांना नोकरीत मोजावी लागली. मुष्टियोद्धा मुहम्मद अलींनी १९६७ मध्ये व्हिएतनामला जायला नकार दिला आणि विजेतेपद गमावले. त्याच वर्षी ४ एप्रिलला मार्टिन ल्युथर किंग यांनी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये व्हिएतनाम युद्धाविरुद्ध भाषण केले. बाबासाहेबांचे कोलंबिया विद्यापीठ तिथून जवळच आहे. गरिबांसाठीचा पैसा युद्ध ओढून नेते आणि लढायलाही गरिबांचीच पोरे जातात, हे त्यांचे म्हणणे होते. बरोबर एक वर्षाने, ४ एप्रिल १९६८ रोजी, त्यांचा खून झाला.

गरिबांची पोरे लढायला जातात, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा इंग्रजांनी १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली आणि युद्ध संपल्यावर मोडून टाकली. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा गरज पडली, तेव्हा १९४१ मध्ये आपल्या शेजारच्या बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. आपल्या माणसांच्या शौर्याचा आम्हाला अभिमान आहे. पण युद्धाला गरीब माणूस नेहमी लागतो, कधी बंदूक धरायला, कधी थापी धरायला.

थापीवरून परत पुतण्याकडे येतो.

त्या रात्री जेवणे झाल्यावर सगळे बसलो. आम्ही त्याला विचारले, "तिकडं कामगार एकदम कमी कसे पडले, ठाऊक हाय काय?" त्याला ठाऊक नव्हते. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने इस्रायलमध्ये शिरून सुमारे बाराशे माणसे मारली, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली. ते क्रौर्यच होते. त्यानंतर इस्रायलने गाझावर जे सुरू केले, त्यात तिथल्या आरोग्य खात्याच्या आकड्याप्रमाणे ऑक्टोबर २०२५ च्या युद्धबंदीपर्यंत ६७ हजारांहून अधिक माणसे मेली. अमेरिका इस्रायलला करारानुसार वर्षाला ३.८ अब्ज डॉलरची लष्करी मदत देते. त्या दोन वर्षांत सुरक्षा परिषदेत युद्धबंदीच्या ठरावांवर वगैरे अमेरिकेने सहा वेळा नकाराधिकार वापरला. आणि इस्रायलमध्ये बांधकामावर रोज येणाऱ्या पॅलेस्टिनी मजुरांचे परवाने ७ ऑक्टोबरनंतर बंद झाले. त्यांच्या रिकाम्या जागांवर आपली पोरे हवी होती. मार्च २०२४ मध्ये तिकडे शेतात काम करणारा केरळचा एक तरुण लेबनॉनहून आलेल्या क्षेपणास्त्राने मेला, तेही आम्ही सांगितले.

पोरगा ऐकत होता. मग म्हणाला, "तात्या, हिकडं तरी मी कुठं सुरक्षित हाय? परवा तिसऱ्या मजल्यावरनं सेंट्रिंगवाला पडला, त्याला कुणी इचारलं न्हाई. तिकडं मेलो तर निदान घरच्यांस्नी काहीतरी मिळंल."

यावर आम्ही काय बोलणार? भावजय पदराने डोळे पुसू लागली.

तेव्हा पहिल्यांदा भाऊ बोलला. म्हणाला, "मी कुवेतला गेलो तवा कुणाची जागा घेतली न्हवती. तू ज्या गड्याची थापी उचलणार, त्यो तुझ्यासारखाच हाय. त्याचीबी आय हाय. त्यो नाक्यावर हुबा हाय, आत येऊ देत न्हाईत त्याला."

पोरगा क्षणभर गप्प बसला. मग त्याने वर छताकडे बोट केले. "मग पप्पा, ह्यो स्लॅब कुणाच्या पैशाचा? तात्यांनीच मागं सांगितलं न्हवं, इराकच्या तेलाचा?"

खरे तर आम्ही ते त्याला सांगितले नव्हते. कधीतरी सहचारिणींशी बोलताना त्याने ऐकले असावे. खोलीत कुणी काही बोलेना. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. पोराचे बोट बरोबर जागी होते. ज्यांच्या डोक्यावर छत आहे त्यांनी बिनछताच्या पोराला नीती शिकवणे सोपे असते. आम्ही त्याला एवढेच म्हणालो, "लेका, तवा आमाला ठाऊक न्हवतं. आता तुला ठाऊक हाय. एवढाच फरक. जायचं का न्हाई, तुझं तू ठरव. गेलास तरी ह्या घराचं दार उघडं हाय."

तो गेला नाही. आम्ही अडवले म्हणून नाही, त्याने स्वतः ठरवले. आज तो गोकुळ शिरगावातच आहे, कंत्राटावर, महिना सतरा हजारांवर. बहिणीच्या लग्नाचे कर्ज अजून फिटलेले नाही. भावजय आमच्याशी पूर्वीसारखी बोलत नाही आणि तिचा राग आम्हाला कळतो. पोराचा निर्णय फुकट झालेला नाही, त्याची किंमत त्या माउलीने मोजली आहे. आम्ही पेन्शनमधून दरमहा थोडे कर्जाला लावतो. एवढे तरी केलेच पाहिजे. नुसता उपदेश करून मोकळे होणारे तात्या आम्हाला व्हायचे नाही.

आणि जी पोरे गेली, त्यांना आम्ही नावे ठेवत नाही. पोटाला विचारून गेलेल्या माणसाला दोष देण्याचा अधिकार कुणाला? दोष त्यांचा, जे दूर बसून युद्धे पेटवतात, शस्त्रे विकतात आणि मग मोडलेली घरे पुन्हा बांधायला स्वस्त हात शोधतात. आणि थोडा दोष आपल्या इथल्या कारभाऱ्यांचाही. त्यांनी आयटीआय झालेल्या पोराला इथे पोटभर पगार दिला असता, तर तो युद्धाच्या दारात कशाला गेला असता?

बंधू-भगिनींनो, आपण कामगार माणसे. अमेरिकेचे धोरण आपण बदलू शकणार नाही. पण घरात बातम्या लागल्या आणि कुठे बॉम्ब पडल्याचे दिसले, तर ते लांबचे आहे म्हणून चॅनेल बदलू नका. पोरांना जवळ बसवा. ते कुणाचे युद्ध आहे, त्याला पैसा कुणाचा, मरतो कोण आणि त्याचा तुकडा आपल्या ताटात, आपल्या भट्टीत, आपल्या छतात कुठून येतो, हे त्यांना सांगा. सगळे सांगा, आपल्याला लाज वाटते तेसुद्धा. आमच्या पोराने छताकडे बोट केले, तेव्हा आम्हाला लाज वाटली हे खरे. पण बरेही वाटले. पोरगा विचारायला शिकला होता.

जयभीम.